पोपटाची मान

टाके घालणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण घातलेला टाका उसवण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडूभाऊंचं घर जवळच्या कोरीट गावी आणि नोकरी नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखण्याची. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचा, सुटलेले तंतू काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून डोळे बारीक करायचे आणि नकारार्थी मान हलवायची. वीस वर्षं हे केल्यावर ती मान दुसऱ्या दिशेला हलेनाशीच झाली होती. एका लग्नात मांडवात टेकून बसायच्या आधी त्यांनी तक्क्याचा कोपरा उसवून आतला कापूस बाहेर काढला होता. यजमान धावत आले, तर त्यांनाच म्हणाले, "येमा निम्मी कवडी शे." कवडी म्हणजे किडका, टाकाऊ कापूस. तो माणूस मुलीचा बाप होता, काय बोलणार बिचारा! त्याने हात जोडले, आणि मी लांब जाऊन बसलो.

त्या काळी आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा आणि लेकराला स्वतंत्र खोली असते हे आमच्याकडे कुणी ऐकलेलंही नव्हतं. पण साडूभाऊ एकदा जिनाच्या कामानं सुरतेला गेले आणि एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी तसली खोली पाहिली. भिंतीशी पोपटाची उशी, माशाची उशी, हत्तीची उशी. झालं! त्यांची सुमन दीड वर्षाची असताना तिची आई, म्हणजे माझी मेहुणी, तापात गेली होती, तेव्हापासून पोर आमच्याकडे नंदुरबारला होती. तिला कोरीटला न्यायचं ते अशा खोलीतच, असं त्यांनी ठरवलं. घरातली कापूस साठवायची खोली रिकामी केली, पोपटी चुना दिला आणि उशा स्वतःच्या हातानं शिवायला घेतल्या. शिंप्याला द्या म्हटलं तर म्हणाले, "त्याले पोरना गाल काय माहीत?"

मग दर रविवारी दुपारी, मी जेवून जरा आडवा होतोय तोच, सायकलची घंटी वाजायची. कॅरियरला बोचकं. त्यात मांजरपाटाच्या खोळी, रंगीत कटपीस, दोऱ्याची रिळं आणि निवडलेला कापूस. निवडलेला म्हणजे पिंजाऱ्याकडून पिंजून आणल्यावर पुन्हा घरी बोटांनी निवडलेला. सुईत दोरा ओवण्याचं काम माझ्याकडे, कारण त्यांचे डोळे तंतू पाहून पाहून गेलेले. पोपट झाला, मासा झाला. हत्ती व्हायचा होता तो भरताचं वांगं झाला, पण सुमनला वांगंच आवडलं. प्रत्येक उशी झाली की साडूभाऊ स्वतः गाल टेकून, डोळे मिटून तपासत आणि तपासता तपासता घोरू लागत. मी सुई हातात धरून समोर बसलेला. दोन तासांनी उठून म्हणत, "उजवीकडे जरा कडक वाटस," आणि कात्री मागत.

एकदा खोळी धुतल्या आणि आमच्या शेजारच्या मिरचीच्या पथारीवर, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेला पसरल्या. नंदुरबारात राहून हे सुचावं! त्या खोळीची उशी भरून साडूभाऊंनी नेहमीप्रमाणे गाल टेकला आणि पुढचा तासभर आमच्या ओसरीत शिंकांशिवाय काही ऐकू आलं नाही. डोळे लाल झालेले, नाक वाहतंय, आणि माणूस काय म्हणतो? "बरं व्हयनं, पहिले मी झोपनू."

आता खरं सांगतो. या उसवाउसवीत माझाही हात होता. आमच्या घरात मूल नव्हतं. सुमन आली आणि आमची ही पुन्हा गुणगुणायला लागली. त्यामुळे साडूभाऊ जेव्हा जेव्हा विचारत, "तुम्हले कशी वाटस?" तेव्हा मी डोळे बारीक करून म्हणे, "पोपटनी मान जराशी वाकडी दिखस." एवढं पुरे होई. पुढचे तीन रविवार मानेतच जात. मी कंटाळत होतो, चरफडत होतो, दुपारची झोप गेली म्हणून हिच्यावर डाफरत होतो, आणि तरीही दर वेळी नवी खोड शोधत होतो. तीन वर्षं मी एका बापाची लेक पोपटाच्या मानेवर अडवून धरली.

सुमन सहावं ओलांडत होती. एका रविवारी साडूभाऊ यायच्या आधी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, पोपटनी मान ते बराबर व्हती. तुम्ही वाकडी काबर सांगी?" पोरीसमोर इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या दुपारी साडूभाऊंनी पोपट पुढे केला. मी म्हटलं, "काहीच खोड नही. मस्त व्हयना."

मला वाटलं, माणूस उडी मारेल. पण त्यांनी पोपट उलटा केला, सुलटा केला. "निट देखा ना. कोठे तरी चुकनं व्हई."

"नही चुकनं."

"मंग आते तिले कोरीटले लई जानं पडई," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "माले तिनी वेनी घालताबी येस नही, साडूभाऊ."

म्हणजे घाबरत होते! तीन वर्षं मी खोड काढायचो आणि ते आनंदानं उसवायचे. आतून आमची ही आली, सुमनला पुढ्यात बसवलं आणि साडूभाऊंच्या हातात तिच्या केसांचे तीन पेड दिले. ज्या बोटांनी कापसाचा तंतू पारखला, त्या बोटांतून एक पेड धरला की दुसरा निसटत होता. पुढच्या आठवड्यात बैलगाडी भरून उशा आणि सुमन कोरीटला गेली. घरात पाय पसरायला जागा झाली. मी दुपारी आडवा झालो, पण डोळा काही लागला नाही.

महिन्याभरानं दोघं भेटायला आले. सुमनची वेणी एका कानामागून निघून दुसऱ्या खांद्यावर पोचली होती, मधे दोन ठिकाणी केस सुटलेले. "बाबानी घाली," ती ऐटीत म्हणाली. साडूभाऊ आमच्याकडे बघत उभे. हिचा हात सवयीनं रिबिनीकडे गेला. मी तो धरला.

"राहू दे," मी म्हटलं. "सरळ आहे."