नाडीमामांची बोटं

नाडीमामा कोणाला ‘कशी आसंस?’ असं कधी विचारायचे नाहीत. माणूस समोर आला की सरळ त्याचं मनगट धरायचे. भर मांडवात नवरीचं मनगट धरून वरमाईच्या शिव्या खाल्लेला हा माणूस! मी अकरावीत असताना आम्हा हळर्णातल्या पाच-सहा मुलींना ते रोज सकाळी धावायला शिकवायचे, तेही फुकट.

डिचोलीकडच्या एका खाणीवर, दगड फोडणाऱ्या यंत्रापाशी त्यांची उमर गेली आणि कानही तिथेच गेले. एके काळी देवळात पेटी वाजवणारा माणूस, पण शेवटी त्याला देवळातली घंटासुद्धा ऐकू येईना. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे.

धावून आलो की ते आम्हाला काजूच्या सावलीत आडवं करत आणि एक जुनं भजन लावायला सांगत. भजनातली पेटी त्यांनीच पूर्वी वाजवलेली, मोबाइल माझा. भजन इतकं संथ, की डोळा लागावा. आम्हाला धडाडधूम गाणी हवी असत. मामा म्हणत, धावताना काय हवं ते ऐका, थांबताना हेच. आणि खरंच सांगते, धाप भराभर उतरायची, दुसऱ्या दिवशी पोटऱ्याही कमी दुखायच्या. मामा एकेकीचं मनगट धरून डोळे मिटून बसत. नाडी मंदावली की त्यांची मान डोलू लागे. तुम्हाला कुठे ऐकू येतं, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं. माझ्या मनगटावर बोट टेकवून म्हणाले, “हयसून ऐकतंय मी.” त्यांना एवढाच कान उरला होता.

एका सकाळी भजन मध्येच थांबलं. माझ्या मोबाइलचं चार्जिंग संपलं होतं. मामांना पत्ताच नाही. ते माझं मनगट धरून डोळे मिटून बसलेले आणि पोरी ओढण्या तोंडात कोंबून हसतायत. मामांनी डोळे उघडले.

“नाडी खाली येना गो. गाणा बंद पडला काय?”

बोटांनी अचूक ओळखलं होतं त्यांनी. पण हो म्हटलं तर बिचारे ओशाळतील, असं मला वाटलं. मी म्हणाले, “नाय मामा, चालू आसा.”

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग मनगट हळूच सोडलं.

“मगे माझी बोटांय गेली,” म्हणाले, आणि चपला घालून घरी निघाले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. वाटेत भेटले तर हात पाठीमागे बांधून नुसते हसायचे. जळो माझा शहाणपणा! आठ दिवस मी धीर गोळा करत होते. शेवटी घरी गेले. तोंडानं सांगताना रडू येईल म्हणून वहीच्या पानावर लिहून नेलं होतं, की त्या दिवशी भजन बंद पडलं होतं, तुमची बोटं बरोबर होती, मीच खोटं बोलले. मामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. पानाची घडी घालून माझ्या हातात परत दिली.

“बरा चेडू गो तू,” म्हणाले. “म्हाताऱ्याचा मन राखतंस.”

मी नाही-नाही म्हणत राहिले, शपथा घेतल्या. ते आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवू लागले. पुढच्या शिमग्याआधी मामा गेले, आपली बोटं आपल्याआधी मेली असं समजून.