खाणीच्या काठावरचे हेर ब्रेमर

हेर ब्रेमरना, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत ब्रेमरना, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच रंगवलेल्या चित्रातला चर्चचा मनोरा सुरीने खरवडत होते. मी कोलोनहून त्यांच्या घरची भाड्याची खोली बघायला आलो होतो. बॅग टाकून मी त्यांचा हातच धरला. "नका, चांगलं आलंय," मोडक्या जर्मनमध्ये म्हणालो.

त्यांनी सुरीच्या टोकाने समोर दाखवलं. "मग मनोरा कुठे आहे?"

मनोरा नव्हता. तो त्याच आठवड्यात पाडला होता. गावाखाली कोळसा होता आणि उघडी खाण पुढे सरकत होती. आयुष्यभर निसर्गचित्रं काढलेला हा माणूस आता एकच कॅनव्हास घेऊन काठावर बसे. जे पाडलं जाई, ते चित्रातूनही जाई. "समोर आहे तेवढंच. बाकीचं कॅलेंडरवाले रंगवतील," असं ते म्हणत.

मी खोली घेतली. मला जर्मन शिकवलं ते त्यांनीच, काठावर बसून, पैसे न घेता. "चला, हेर इंजिनिअर, ढगाचा रंग सांगा. पांढरा म्हणणाऱ्याला कॉफी नाही." आमच्या घरात पहिला शिकलेला मी, ढगाला इतके रंग असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या आईचं माहेर धरणात बुडालं. त्या गावाचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. म्हणून मी त्यांना विनवायचो, "तुमचं घर तरी चित्रात राहू द्या. लोकांना कळेल इथे काय होतं."

"जा, जा. लोक म्हणतील, किती सुंदर गाव. आणि याच कोळशाचे दिवे लावून जेवायला बसतील."

त्यांची बायको त्याच घरात वारली होती. त्यामुळे ते घर ते पुसणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

घर पाडलं त्या रविवारी त्यांनी मला फोन करून बोलावलं. तोवर ते गावकऱ्यांसाठी बांधलेल्या नव्या वस्तीत राहायला गेले होते आणि मी कोलोनला. काठावर पोहोचलो तर त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. "माझा हात हलतोय. घर तू खरवड."

"हे मला नाही जमणार," मी म्हणालो.

"पाडणाऱ्याला जमलं ना?"

मी छप्पर खरवडलं, भिंती खरवडल्या. हिरवं दार उरलं तेव्हा त्यांनी मान फिरवली, पण थांब म्हणाले नाहीत. मग त्या जागी त्यांनी करडं आभाळ भरलं.

वसंतात ते गेले. त्यांच्या मुलीने शवपेटीशेजारी ते चित्र ठेवलं होतं. नुसता खड्डा आणि आभाळ. नव्या वस्तीतल्या स्वयंपाकघराचं येताजाता कौतुक करणारी त्यांची जुनी शेजारीण पुढे झाली. गाव पाडताना तिने रोज पाहिलं होतं. चित्रात ती आपलं घर शोधू लागली. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग खुर्चीची पाठ घट्ट धरून हळूच म्हणाली, "म्हणजे ते खरंच गेलं."