थंड न होणारी गादी

भाचीने मला एक पुस्तक दिलं होतं. किशोरवयीन मुलांसाठीची कादंबरी, पण सगळी कवितेसारख्या तुटक ओळींत. पोटासाठी परदेशात गेलेलं कुटुंब, भाड्याची एक खोली आणि त्या खोलीत घरमालकापासून लपवून ठेवलेला काका. कवितेचं मला वावडं, तरी हे हातातून सुटेना. त्या घरमालकाला मी मनातल्या मनात लाखोली वाहायचे. सरावलीतल्या आमच्या घरावर आम्हीच भाड्याच्या खोल्या काढल्यात, हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही.

वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बिहारकडचं चौघांचं कुटुंब राहायचं. बाप कारखान्यात. सातवीतली मुलगी मराठी शाळेत, बोलणं अगदी इथलं. दुपारी ती माझ्याकडे येऊ लागली. आम्ही रोज थोडी पानं वाचायचो. पुस्तकात जिन्यावर पावलं वाजली की ती आमच्या दाराकडे बघायची.

"काकी, मालकाला कळंल?"

"त्याला कोण सांगणार आहे?" मी म्हणायचे. पोर रंगलीय, असं मला वाटायचं.

एकदा मी म्हटलं, "अशा ओळी तूपण लिही की." आठवड्याने तिने वही आणून दिली.

"तुमीच वाचा हां. दुसऱ्या कोनाला नाय."

लाजतेय, असं मी समजले. एवढी पुस्तकं वाचून माझी अक्कल तेवढीच.

रविवारी नवरा जेवायला बसला होता. एडवणहून माझ्या आईने पाठवलेले सुके बोंबील त्याच्या ताटात होते. मी कौतुकाने वही उघडून वाचलं:

आमची गादी कधी थंड होत नाही.
बाबा उठतात, मामा निजतो.
मामा उठतो, त्याचे दोन मित्र निजतात.
मी भिंतीला टेकून अभ्यास करते,
पान हळू उलटते.

त्याचा हात ताटातच थांबला.

"परत वाच."

मी वाचलं. या वेळी हळू.

"पोलीस ठाण्यात भाडेकरूंची चारच नावं दिलीत मी," तो म्हणाला. "उद्या कायतरी झालं तर मलाच उचलतील." तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्याने हात धुतले.

"पोरीची परीक्षा हाय," मी म्हटलं. तो चपला घालून बाहेर पडला.

मग जिना वाजू लागला. आमचाच लोखंडी जिना. एक हाक मारली असती तर कदाचित तो थांबला असता. मी वही मांडीवर घेऊन पायऱ्या मोजत बसले.

तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. त्यात सगळ्यात शेवटी गादी चढवली. मुलगी वाचायला नेलेलं पुस्तक परत द्यायला खाली आली. मी तिची वही दिली. ती तिने न बघता दप्तरात घातली.

"पुस्तक ठेव तुला," मी म्हटलं. "शेवट राहिलाय."

"नको, काकी," ती म्हणाली. "मालकाला कोन सांगतं, ते कळलं मला."