लंगडा बेडूक

सापगावच्या माझ्या शेजाऱ्याच्या खिशात किल्ल्यांबरोबर मरळ मासे पकडायचे रबरी बेडूक असतात. गढूळ पाण्याला पिवळा, निवळ पाण्याला काळपट. निवडताना तो बेडकांशीच बोलतो, माणसांशी कमी.

तरुणपणी मी स्वतःच्या चालीवर इतकी खूश होते, की शहापूरच्या बाजारात उगाच जास्तीची फेरी मारायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लंगडायला लागले, तशी ही महाराणी उंबरा ओलांडेना.

एके सकाळी तो अंगणात आला. "चल गो आजी, नदीवर."

"लोक बघतील रे."

"बघू दे. मासे पन बघतील."

काठावर त्याने गळाची काठी माझ्या हातात दिली. मी दोरीला बांधलेला बेडूक पाण्यावरून सरसर ओढला.

"नाय गो! एवढ्या ऐटीत गेला तर मरळ कशाला येईल? तुझ्यासारखा चालव. जरा ओढ, थांब, परत ओढ."

मी त्याला शिवी घालणार, तोच पाणी उसळलं आणि दोरी ताणली.

मरळ घेऊन आम्ही भर रस्त्याने परतलो. "तू पुढं चाल आजी," तो म्हणाला, "मला शिकाचाय."

भलं होवो मेल्याचं! बाजारात मी पुन्हा जास्तीची फेरी मारते, लंगडत.