नारळ, वॉरंटी आणि आत्मारामअण्णा

आत्मारामअण्णा कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. चहाचा ग्लास असो, बसायची खुर्ची असो, नाहीतर तापाने फणफणलेलं शेजाऱ्याचं पोर असो, मनगट वळवून हाताची मागची बाजू पुढे. पहिल्यांदा ते आमच्या दुकानात आले तेव्हा मी सहीसाठी तक्रारीचं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं, तर त्यालाही त्यांनी उलटा हात लावला. मला फस्सकन हसूच आलं.

"हसू नको माय," ते म्हणाले. "लोखंड गरम का गार, डोयाले नई समजस. तळहात भाजला तर उद्या काम बंद. मागची कातडी भाजली तर भाजली."

आमच्या खानदेशात लेकीबाळींना माय म्हणतात. सुरतेत नोकरीला लागल्यापासून मी सगळ्यांची 'बेन' झाले होते. इतक्या दिवसांनी कुणी माय म्हटलं आणि मी एकदम सरळ बसले. दुकान उधन्याच्या मोठ्या रस्त्यावर होतं. वेल्डिंगची मशीनं, ग्राइंडर, ड्रिल, सगळं काही विकायचो आम्ही. माझं काम तक्रारी लिहून घ्यायचं आणि पत्रं टाइप करायचं. खरं सांगायचं तर लोकांना गोड बोलून दारातूनच परत पाठवायचं. त्यात मी हुशार होते, आता लाज वाटली तरी सांगते.

अण्णा धरणगावकडचे. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या शेडमध्ये वेल्डिंग करण्यात गेलं. चहाहून परतायला उशीर झाला म्हणून एका मालकाने चार माणसांत अपमान केला, त्या दिवशी हातमोजे काढून ठेवले आणि निघून आले. उधन्यात एका गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची शेड घेतली आणि आमच्याकडून नवंकोरं मशीन नेलं. तेलाच्या टाकीत बुडवलेला ट्रान्सफॉर्मर, खाली चाकं, करंट कमीजास्त करायला वर फिरवायचं चक्र आणि झाकणाला कंपनीचं शिशाचं सील. पहिलंच काम गोडादऱ्याच्या एका लूमच्या कारखान्याचं मिळालं, सूत गुंडाळलेले जड बीम ठेवायला लोखंडी स्टँड करून द्यायचे होते. अण्णांचं सगळं त्या कामावर होतं. ते नीट झालं तर कारखानदार पुढची कामं देणार. नाही झालं तर शेड बंद आणि पुन्हा कुणाच्या तरी दारात हातमोजे घालून उभं राहायचं.

आणि मशीन दगा द्यायला लागलं. सुरुवातीची दहा मिनिटं एकदम झकास चालायचं. मग ज्योत बारीक व्हायची, रॉड लोखंडाला चिकटून बसायचा.

मी माझं ठरलेलं वाक्य फेकलं. "अण्णा, तुमच्या लाइनला व्होल्टेज कमी असणार." बाकीची गिऱ्हाइकं यावर आरडाओरडा करायची. अण्णांनी मान हलवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. "शेजारच्याचं जुनं मशीन मन्ही लाइनवर दिवसभर चालवलं. लाइन चांगली शे." मी म्हटलं, मग केबल खराब असेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. दुसऱ्याची केबल, दुसऱ्याचा होल्डर लावून पाहिला होता. मी म्हटलं, रॉड ओले असतील. त्यांनी रॉड दोन दिवस पत्र्यावर उन्हात वाळवले, वर मला एक दाखवायला घेऊन आले, पापड दाखवावा तसा. ओरडणाऱ्या माणसाला परत पाठवणं सोपं असतं हो. जो आपलं ऐकतो, जाऊन तपासतो आणि उत्तर घेऊन येतो, त्याचं काय करायचं? माझ्याकडची कारणं संपली.

उधन्यातला मिस्त्री म्हणजे हातात पाना आला की देवघरसुद्धा खोलून बघेल. गल्लीतले सगळे अण्णांच्या मागे लागले होते, झाकण उघडा, अर्ध्या तासाचं काम आहे. अण्णांना आतलं दुखणं काय असेल याचा अंदाजही होता. पण हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "सील तोडून उघडलं तर दुखणं आपलं. नाही उघडलं तर कंपनीचं."

शेवटी कंपनीचा इंजिनियर आला. शेडवर जाऊन त्याने मशीन पाहिलं. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि त्याच्यावरून ओघळलेला एक पांढुरका डाग. "यह दाग कैसा है?" त्याने विचारलं. आता दुसरा कुणी असता तर चहा सांडला म्हणाला असता. अण्णांनी अभिमानाने सांगितलं, नारळाचं पाणी! मशीन शेडमध्ये आलं त्या दिवशी पूजा केली आणि नारळ त्याच्याच झाकणाच्या कडेवर फोडला. ट्रकच्या चाकापुढे फोडतात, दुकानाच्या उंबऱ्यावर फोडतात, पण या भल्या माणसाला वाटलं, ज्याची पूजा त्यालाच पाणी मिळायला हवं.

इंजिनियरने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि विषय संपला. तेलात पाणी गेलं, चूक गिऱ्हाइकाची, वॉरंटी नाही. आमच्या दुकानाचे शेठ म्हणाले, "बेन, लखी नाखो." मी लिहून टाकलं. माझ्या टाइपरायटरवर, माझ्या दहा बोटांनी. त्याच दुपारी शेठ गोडादऱ्याच्या कारखानदाराशी फोनवर बोलत होते, तो आमचंही गिऱ्हाईक. बोलता बोलता हसत सांगून टाकलं, तुमच्या मिस्त्रीने मशीनलाच नारळपाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते नेहमीसारखे नव्हते. पत्र हातात होतं, इंग्रजी. मी मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी खिशातून वॉरंटीचं कार्ड काढलं. "यात नारळ कुठे लिहिलाय?"

"नारळ नाही अण्णा, पाणी लिहिलंय. पाण्याने झालेलं नुकसान."

ते बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "कारखान्याचे शेठ म्हणतात, जो स्वतःचं नवं मशीन बिघडवतो त्याच्या हाती मी काम कसं देऊ. सोमवारपर्यंत थांबतात, मग दुसऱ्याला देणार."

मला राग आला, त्यांचाच. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं खरं बोलायला? चहा सांडला म्हणायचं!"

"पूजा करी ती काय चोरी शे का?" अण्णा म्हणाले. कार्ड परत खिशात ठेवलं. मग मान वर करून मलाच विचारलं, "माय, तेलात पाणी पडलं तर कुठे जाईल?"

"खाली बसेल की. तेल वर तरंगतं."

"हां. अन् सील वर शे, खाले नई. खाली तेल काढायचा बोल्ट शे, त्याला कुणाचं सील नाही. साहेब सुरतमध्ये कधीपर्यंत आहेत?"

इंजिनियर शनिवारी जाणार होता. मी शेठना न विचारता त्याच्या हॉटेलवर फोन केला आणि सांगितलं, शेठनी शनिवारी सकाळी दुकानात बोलावलंय. नोकरी जाऊ शकली असती. पण ते पत्र माझ्या दहा बोटांनी लिहिलं होतं.

शनिवारी सकाळी हातगाडीवर मशीन आलं, मागे अर्धी गल्ली आली. शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आले, माझ्याकडे असं पाहिलं की मी पदरच नीट केला. इंजिनियर घड्याळ बघत होता. अण्णांनी सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "साहेब म्हणतात तेलात पाणी शे. असेल तर तळाशी असेल. तळाचं तेल काढतो, तापवतो. तडतडलं तर मी खोटा, मशीन घेऊन गुपचूप घरी जातो."

आमच्या चहाचा स्टोव्ह बाहेर आणला. कुणीतरी लोखंडी पळी दिली. अण्णांनी खालचा बोल्ट जरासा सैल केला, पहिली धार पळीत घेतली आणि पळी माझ्यापुढे धरली. "तू धर माय. तू दुकानाची माणूस. तुझ्या हाताला कुणी खोटं म्हणणार नाही."

मी धरली. शेठ म्हणाले, "बेन!" मी ऐकलं नाही. आयुष्यात मी हजारो फोडण्या केल्या असतील, पण अशी नाही. तेल तापलं, पातळ झालं, त्यातून बारीक धूर निघायला लागला. रस्त्यावर ट्रक चालले होते, पण आमच्या दारात सगळ्यांचे कान पळीकडे. पळीत काही नाही. एक बुडबुडा नाही, एक तडतड नाही. मी हात लांब करून उभी, घामाने चिंब.

"नसेल आवाज येत या तेलाला," शेठ म्हणाले.

"येतो का बघू की," अण्णा म्हणाले. "मागे सरका सगळे." माझ्या हातून पळी घेतली, समोरच्या शहाळेवाल्याकडून फक्त एक थेंब नारळपाणी बोटावर आणलं आणि पळीत झटकलं. तड्! तडतडतडतड! तेल असं उडालं की शेठ थेट इंजिनियरच्या मागे. गल्लीत अशी शिट्टी वाजली, अशा टाळ्या पडल्या, की पलीकडच्या रिक्षा थांबल्या. अण्णांनी छाती काढून नारळाची बाजू घेतली, "मन्हा नारयनी काईच नई करं!"

इंजिनियर माणूस होता बरं का, दगड नव्हता. तो हसला. मग म्हणाला, "ठीक है चाचा, पानी नहीं है। तो खराबी कहाँ है?"

याच प्रश्नाची अण्णा इतके दिवस वाट बघत होते. त्यांनी आमच्या लाइनवर मशीन जोडलं, लोखंडाच्या दोन पट्ट्या घेतल्या आणि जोड मारायला लागले. दहा मिनिटांनी ज्योत बारीक झाली, रॉड चिकटला. त्यांनी मेन स्विच बंद केला, हातमोजे काढले आणि जिथे केबली जोडतात त्या दोन बोल्टांना आळीपाळीने उलटा हात लावला. "याला ताप शे. त्याला नई. हात लावून बघा साहेब."

साहेबांनी पूर्ण पंजा ठेवला आणि बोंब मारून उडी मारली. गल्ली पुन्हा हसली, अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडून पाण्याची बाटली घेऊन त्याच्या हातावर ओतली. मग म्हणाले, "याच बोल्टच्या आतला जोड सैल असणार. आता सील तुम्ही तोडा. मी हात लावणार नाही."

सील तुटलं, झाकण निघालं. तापलेल्या बोल्टच्या आतल्या टोकाची चक्की, म्हणजे नट, कंपनीत कुणी तरी बोटांनीच फिरवून सोडून दिली होती, पाना लावलाच नव्हता. वायरीचं टोक जळून काळंकुट्ट झालेलं. इंजिनियरने वाकून पाहिलं, मग उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कंपनी की गलती है। चाचा को नया मशीन मिलेगा।"

मी तर नाचायचीच बाकी होते. अण्णांनी मात्र मान हलवली. "नवं द्या नाहीतर हेच नीट करा. मला आधी कागद पाहिजे. चूक आमची असं पत्रात लिहिलं होतं ना? आता नाही असं लिहा. मला ते गोडादऱ्याला दाखवायचंय."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी कधीच खुर्चीत जाऊन बसले होते, कागद चढवलेला होता. इतकं खुशीत मी आयुष्यात इंग्रजी टाइप केलं नाही. तक्रार खरी होती, दोष कंपनीतल्या जोडणीचा होता, ग्राहकाची यात काहीही चूक नाही. वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "अन् नारळाचं?"

"नारळाचं काय अण्णा?"

"लिही ना. त्याच्यावर पण आळ आला होता."

शेठनी कपाळाला हात लावला. "हवे एमां नारियेळ पण लखवानुं?" पण इंजिनियर म्हणाला, लिखो, मैं भी साइन करता हूँ। मग मी खाली आणखी एक ओळ टाइप केली की सदर मशीनला नारळामुळे कोणतंही नुकसान झालेलं नाही. दोघांच्या सह्या झाल्या, दुकानाचा शिक्का बसला. अण्णा तिथूनच सायकलवर गोडादऱ्याला गेले. सोमवारी त्यांच्या शेडमध्ये स्टँडचं काम सुरू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं त्या कारखान्याचं काम त्यांच्याकडेच राहिलं. आणखी दोन मशीनं आली. पुन्हा कुणाच्या दारात ते उभे राहिले नाहीत. मलाही शेठनी काढलं नाही, कारण त्यानंतर आख्खी गल्ली मशीन घ्यायला आमच्याकडेच यायला लागली. मी मात्र तेव्हापासून कुणाचंही मशीन न बघता 'तुमची चूक' असं टाइप केलं नाही.

अण्णा गेले ते झोपेतच गेले. मी बसायला गेले तेव्हा काकू, अण्णांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या, चार दिवस त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. वर काच लावून ते पत्र टांगलं होतं. काकूंनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "माय, इंग्रजी कुणालाच धड सांगता येत नाही. एकदा वाच ना."

मी उभं राहून मोठ्याने, मराठीत, ओळीओळीने वाचलं. ग्राहकाची यात काहीही चूक नाही, इथे त्यांनी डोळे पुसले. नारळापर्यंत आले आणि काकू पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या.