लाकडाची मेख

शौकत बुरोंडकर आखातात, मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं वेल्डर होते. त्या सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकच चूक झाली, असं त्यांच्या फायलीत लिहिलेलं आहे. ती चूक माझी होती.

शौकतभाई मूळचे हर्णैचे. वडील बंदरावरचे लोहार, होड्यांचे नांगर घडवणारे. दर शुक्रवारी नमाजाहून आले की शौकतभाई वडिलांना फोन लावत आणि आठवडाभराचं काम सांगत. अमक्या गोदामाचा जिना, तमक्या व्हिलाचं गेट. पलीकडून म्हाताऱ्याचा ठरलेला प्रश्न यायचा, "सांधा सुटला नाय ना रे?" इकडून ठरलेलं उत्तर, "नाय अब्बा." पन्नाशी उलटलेला माणूस प्रगतिपुस्तक दाखवावं तसा उभा राहून बोलायचा. मी, वासुदेव इनामदार, त्या वर्कशॉपचा इन-चार्ज, केबिनच्या काचेतून बघून हसायचो.

मी सांगलीचा. मोडेन पण वाकणार नाही, हे ऐकतच वाढलो, आणि आपला तापटपणा म्हणजे स्वाभिमान असं बरीच वर्षं समजत आलो.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात उमैमा नावाची जॉर्डनची बाई ड्रॉइंग घेऊन आली. वाळवंटातल्या एका जत्रेत रोमन सैन्याच्या लढाईचा खेळ बसवायचं काम तिच्याकडे होतं. तिला चाळीस भाले हवे होते. रोमन लोक त्याला पिलम म्हणत. खाली लाकडी दांडा, वर दोन फूट बारीक सळई, टोकाला चौधारी अणी. सळई दांड्यात बसवायला दोन मेखा. एक लोखंडाची, दुसरी लाकडाची.

"लाकडाची कशाला?" मी विचारलं.

तिनं हातवारे करून समजावलं. भाला शत्रूच्या ढालीत रुतला की धक्क्यानं लाकडाची मेख मोडते. दांडा लटकतो, जमिनीवर घासत राहतो. अशी ढाल घेऊन लढता येत नाही, म्हणून शत्रू ती टाकतो, आणि मग रोमन शिपाई आखूड तलवार उपसून त्याच्यावर धावून जातो. शिवाय मोडका भाला उलट फेकताही येत नाही. "इट मस्ट ब्रेक, हबीबी," ती म्हणाली.

शौकतभाई खुळावले. "अक्कल बघा साहेब! मोडायसाठी घडवलेलं हत्यार." त्या शुक्रवारी फोनवर फक्त भाल्याचीच गोष्ट झाली. म्हाताऱ्यानं म्हणे पहिल्यांदाच दुसरा प्रश्न विचारला, "लाकूड खयचा घालतंस?"

पहिला भाला तयार झाल्यावर मी आवारात प्लायच्या फळीवर फेकून बघितला. मेख कटकन मोडली, दांडा लोंबला. शेजारच्या वर्कशॉपमधले दोघे चहा घेत उभे होते. एक जण ओरडला, "क्या इनामदार साब, पहले ही वार में खलास?" दोघं खो खो हसले.

झालं. माझं डोकं फिरलं.

"शौकतभाई, त्या लाकडाच्या जागी बोल्ट मारा. चाळीसच्या चाळीस."

"साहेब, बाईनं सांगितलंय ती मोडायलाच हवी."

"बाईला काय कळतं फॅब्रिकेशनमधलं? मोडणारा माल आपल्या दारातून जाणार नाही. यल्ला, चला, बोल्ट."

त्यांनी हातातली मेख बाकावर ठेवली. मग गेले आणि बोल्ट बसवले, वर लाकडी रंग दिला. तोही मीच सांगितला होता.

रंगीत तालमीत वाळूत रोवलेल्या ढालींत भाले येऊन रुतले. आता शत्रू झालेल्या नटांनी ढाली उचलायच्या, लटकते भाले ओढत दोन पावलं यायचं आणि वैतागून ढाली फेकायच्या, असं ठरलेलं. पण भाले लटकलेच नाहीत. ताठ उभे राहिले. एकानं ढाल उचलून गर्रकन अंग वळवलं, आणि मागे आलेला दांडा शेजारच्या कैवल्यच्या डोळ्यावर बसला. कैवल्य शारजात वाढलेला, एकवीस वर्षांचा, कॉलेज सांभाळून असली कामं करणारा. डोळा राहिला, नजर गेली.

चौकशीत मॅनेजरनं भाला टेबलावर ठेवला. रंग खरवडलेला, खाली बोल्ट चमकत होता. "हू चेंज्ड दिस?"

शौकतभाईंनी माझ्याकडे बघितलं. माझी अस्मी तेव्हा बारावीत होती, बोर्ड दीड महिन्यावर. माझी नोकरी गेली असती तर तिचा व्हिसाही गेला असता. हे खरं आहे, पण नुसतं हेच खरं नाही. मला लाज वाटली. चारचौघांत 'मी चुकलो' म्हणायची माझ्या जिभेला सवयच नव्हती. मी म्हणालो, "ड्रॉइंग मी यांच्या हातात दिलं होतं." शब्द न् शब्द खरा होता.

"माझ्या हातून झालं," शौकतभाई म्हणाले.

आठ दिवसांत त्यांची नोकरी गेली आणि ते हर्णैला परतले. निरोप घेताना म्हणाले, "अस्मीला म्हणावं, नीट अभ्यास कर." मी त्यांचा हात हातात घेतला आणि तेव्हाही काही बोललो नाही. नंतर फोनसुद्धा केला नाही. करणार होतो, प्रत्येक शुक्रवारी.

गेल्या महिन्यात उमैमा पुन्हा आली. तेच ड्रॉइंग, तेच चाळीस भाले. मेखेवर बोट ठेवून म्हणाली, "या वेळी सांगितलेलं ऐकणारा माणूस द्या. तो म्हातारा वेल्डर नको."

"त्यानं ऐकलंच होतं," मी म्हणालो. "माझं. बोल्ट मी मारायला लावले."

 तिनं ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि निघून गेली. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन तेच सांगितलं. तो म्हणाला, "इनामदार, खलास यार. पुरानी बात है." अस्मी आता पुण्यात शिकते, व्हिसाची भीती उरलेली नाही. खरं बोलायला मला आता काहीच मोजावं लागत नव्हतं, आणि त्याचीच मला शिसारी आली.

बाहेर येऊन मी हर्णैला फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं: बाईला सांगितलं, मॅनेजरला सांगितलं, फाइल दुरुस्त करायला लावतो, कैवल्यकडेही जाणार आहे.

 शौकतभाई म्हणाले, "बरं केलंत साहेब. फक्त रमजानच्या आधी सांगायला हवं होतंत."

"का?"

"अब्बा रमजानात गेले. त्यांनापण मी हेच सांगितलं होतं, माझ्या हातून झालं म्हणून. घरातल्यांना एक आणि तिकडे एक, असं खोटं मला जमत नाय." मग म्हणाले, "शेवटपर्यंत विचारायचे, त्या पोराचा डोळा कसा आहे."



"अस्मी बरी आहे ना?" मग त्यांनीच विचारलं.