सारेच कळंबे आमचे

जगात जो जो कर्तबगार निघतो तो कळंबेच असतो, आणि नसला तर त्याचं नशीब फुटकं, असं माझे मावसाजी मानत. नागपूरचा पेपर घेऊन गाडी पांढुर्ण्याला लागली की ते फलाटावरच्या बाकावर बसून आधी पेपरात कळंबे शोधत, बातम्या मग. अमरावतीचा पहिलवान कळंबे कुस्ती हरला त्या दिवशी ते जेवले नाहीत. चोरीत एक कळंबे सापडला तेव्हा मात्र म्हणाले, "तो सावरगावचा असन. नदीपलीकडच्याईचं अन् आपलं पटत नाही."

कहर झाला तो जबलपूरचे जज कळंबे वारले तेव्हा. ऐन पोळ्याला मावसाजींनी सुतक धरलं. पुरण चुलीवरून उतरलं, बैलांची पूजा शेजाऱ्याने केली. मावशी कडाडली, "तो जज कधी पाणी प्याले तरी आला होता काय आपल्या घरी?"

"जज होता तो. त्याले फुरसत कुठं भेटते!" मावसाजी डोळे पुसत म्हणाले.

हे सुतक पुढे अंगाशी आलं. त्या जजचे धाकटे भाऊ नागपूरला वकील होते. सौसरच्या एका लग्नात त्यांच्या मुलाला माझी मावसबहीण सुशीला आवडली, आणि सुशीलानेही 'करीन तर हाच' असा हट्ट धरला. आडनाव एक असलं तरी कूळ वेगळं, असं वकिलांचं म्हणणं. पण बैठकीत जातीतले म्हातारे अडून बसले. "भाऊकी नाही म्हनता, मंग सुतक कायचं पाळलं? बहीण-भावाचं लगन लावून राहिले काय?"

मावसाजी टोपी काढून उभे राहिले. "नाही पंचहो. जज आमचे कोनी नव्हते. पहिलवानबी नाही. आमच्या घराण्यात कोनी मोठं झालंच नाही, म्हनून पेपरातले आपले म्हनून राहिलो होतो." बैठक पोट धरून हसली. मला मात्र फार वाईट वाटलं.

लग्न झालं. पाठवणीला रडायचं सोडून मावसाजी भेटेल त्याला सांगत होते, "लोकाईच्या पोरी आडनाव टाकून जातात, माही संगं घेऊन गेली!"

पुढे प्रांत तुटले, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. पेपर तेवढा येत राहिला. त्यात एकदा छापून आलं की मुख्याध्यापिका सौ. सुशीला कळंबे यांचा सत्कार झाला. मावसाजी फलाटभर पेपर नाचवत फिरले. "माही पोरगी हाय!"

चहावाला नवा होता, पण त्यांची ख्याती त्याच्या कानावर आलेली होती. "हो बाबा, सारेच कळंबे तुमचे!"

मावसाजींनी पेपराची नीट घडी करून ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि घरी आले.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा पेपरात एका कळंब्याचा फोटो दिसला. माझं आडनाव वेगळं, तरी शेजारच्याला सांगून बसलो, "आमच्यातलाच आहे."